खवले, पर आणि हिरवा ठिपका

चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या फरसबंदी चौकात गाडी येत नाही. ल कॉर्बुझिएने शहराचा हा मध्य पायी फिरणाऱ्यांसाठी आखला. चारी बाजूंना काँक्रीटच्या सारख्या इमारती, खाली दुकानांचे लांबच लांब व्हरांडे, मधे कारंजे. मॉल झाल्यापासून सतराची शान गेली, असे जुने चंदीगडकर हळहळून सांगतात. तरी संध्याकाळी माणसे इथेच येतात, आइस्क्रीम खातात, छोले-भटुऱ्यांवर ताव मारतात, कॉफी हाउसात तासन्‌तास बसतात. याच सेक्टरात जुने बसस्थानक आहे. हिमाचलच्या गाड्या आता सेक्टर ४३ मधून सुटतात, पण पूर्वी त्या इथूनच जात. कसोलला, धरमकोटला, मनालीला निघालेली इस्रायली पोरे याच शहरातून डोंगराकडे वळतात. सक्तीची लष्करी सेवा संपली की मोठी सॅक पाठीला लावून भारतात यायचे, हा तिथल्या तरुणांचा जुना शिरस्ता. कसोल आणि धरमकोटच्या पाट्यांवर हिब्रू अक्षरे दिसतात ती त्यांच्यामुळेच.

आता कल्पना करा की सतरातल्या एखाद्या टेबलाभोवती चौघे बसले आहेत. एक अमृतधारी शीख, एक मुसलमान, एक जैन आणि एक धर्म पाळणारा ज्यू. मागवायचे काय?

कोंबडी मागवली तर पहिल्याच वाक्याला भांडण. १९४५ साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने मान्य केलेली सिख रेहत मर्यादा अमृतधाऱ्याला 'कुठ्ठा' मांस वर्ज्य सांगते, म्हणजे मुसलमानी पद्धतीने कापलेल्या जनावराचे. पंजाबात मांसाच्या दुकानांवर 'झटका' अशी पाटी दिसते ती म्हणूनच. झटक्यात मान एका घावात धडावेगळी होते. ज्यू शास्त्राला नेमके हेच चालत नाही. तिथे गळ्यावरून धारदार सुरी न थांबता, न दाबता फिरवायची असते. सुरीला केसाएवढीही खोक असता कामा नये, आणि कापणारा शोहेत प्रत्येक वेळी नखावर धार तपासतो. मुसलमानाला हलाल हवे. जैनाचा प्रश्न तर या सगळ्याच्या अलीकडेच संपलेला.

मग दाल मागवली जाते. जैनासाठी कांदा-लसूण वगळून. चौघेही जेवतात.

गुरुद्वाऱ्यांतल्या लंगरात पंजाबने हा तोडगा फार पूर्वी काढला. बाहेर मांस खाणारे असंख्य शीख आहेत, पण लंगर शाकाहारी, कारण पंगतीला कोण येऊन बसेल ते सांगता येत नाही. शाकाहाराच्या बाजूने मी ऐकलेल्या युक्तिवादांत मला हा सर्वांत पटणारा वाटतो. त्यात कोणाला उपदेश नाही, फक्त शेजारी बसणाऱ्याची सोय आहे. पंजाब आणि हरियाणा मांसाहारी प्रदेश आहेत ही आपल्याकडची समजूतही चुकीची. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत हरियाणात सुमारे ६९ टक्के आणि पंजाबात सुमारे ६७ टक्के लोकांनी आपण शाकाहारी असल्याचे सांगितले. महाराष्ट्राचा आकडा ४० च्या आसपास होता. बटर चिकनच्या प्रांतात, दोन्ही राज्यांच्या या राजधानीत, कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम, पाळणारा प्रवासी उपाशी राहत नाही तो या बहुसंख्येमुळे.

त्याला आणखी एक आधार असतो, तो म्हणजे सतरातल्या कुठल्याही दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका. वेष्टनावर शाकाहारी-मांसाहारी खूण छापण्याची सक्ती आपल्याकडे २००१ मध्ये आली. मांसाहाराचा तपकिरी ठिपका पुढे त्रिकोण झाला, कारण रंग ओळखता न येणाऱ्यांना दोन ठिपक्यांत फरक कळत नव्हता. डुकराची चरबी, जिलेटीन, हाडांपासून काढलेली द्रव्ये यांची धास्ती असलेल्या ज्यू माणसाला ही खूण म्हणजे अर्धा दिलासा.

अर्धाच, कारण ठिपक्याचा आणि ज्यू शास्त्राचा हिशेब जुळत नाही. ज्यू शास्त्र अन्नाचे तीन वर्ग करते: मांसाचे, दुधाचे आणि या दोहोंत न मोडणारे, ज्याला 'पार्वे' म्हणतात. अंडे पार्वे, त्यात रक्ताचा ठिपका नसला की झाले. आपल्याकडे त्याच अंड्यावर तपकिरी त्रिकोण. ज्यू शास्त्रात मासाही मांसात धरत नाहीत. मध चालतो, जो जैनाला चालत नाही. उलट बाजूने, आपण निःशंकपणे शाकाहारी म्हणतो त्या फ्लॉवरमध्ये, पालकात अळी निघाली तर ज्यू घरात ती निषिद्ध मांस खाल्ल्यासारखीच चूक. म्हणून कर्मठ ज्यू गृहिणी पालेभाजी उजेडाकडे धरून पान न्‌ पान निवडते. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या जैन घरातल्या बाईला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. चीज आणखी अवघड: वासराच्या जठरातून काढलेल्या द्रव्याने दूध विरजलेले असले तर प्रश्न उभा राहतो. आपले पनीर लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडलेले असते, म्हणून त्यातून सुटते.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटायचे कारण नाही. ज्या लोकांनी हा हिशेब निदान काही शतके, आणि त्यांच्या स्वतःच्या परंपरेनुसार दोन हजारांहून अधिक वर्षे, मराठी बोलत पाळला, ते अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या पट्ट्यातले. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहिमकर, नवगावकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. कुलाबा जिल्ह्याच्या गावांत ते 'शनवार तेली' होते, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, अशी त्यांची उत्पत्तिकथा. हिब्रू विसरली, प्रार्थना विसरल्या. 'शमा' हे श्रद्धावचन तेवढे तोंडात राहिले. पुढे केव्हातरी दाविद राहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला. कोणी त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानतात, कोणी अठराव्या शतकातला कोचीनचा व्यापारी. शनिवार पाळणारे, मुलांची आठव्या दिवशी सुंता करणारे हे तेली ज्यू असतील का, असा त्याला संशय आला. त्याने परीक्षा घेतली ती पुरुषांची नव्हे आणि धर्मवचनांचीही नव्हे. त्याने बायकांपुढे माशांची पाटी ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे एका बाजूला काढले, बाकीचे दुसऱ्या बाजूला सारले आणि म्हणाल्या, हे आमच्यात खात नाहीत.

राहाबीची खात्री पटली. त्याने तिघांना शिकवून काजी नेमले: झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतले. गावोगाव फिरून धर्मकृत्ये करणे हे त्यांचे काम.

ही दंतकथा आहे आणि तिच्या तपशिलावर अभ्यासक भांडतात. पण ती कुठल्या मातीत घडली आहे ते पाहण्यासारखे आहे. कोकणच्या किनाऱ्यावर खवले-पर असलेलाच मासा खायचा हा लेवीय ग्रंथातला नियम पाळणे म्हणजे चेष्टा नाही. बांगडा, रावस, बोय चालतात. पण मुशी नाही, शिंगाळा नाही, वाम नाही. कोळंबी नाही, चिंबोरी नाही, तिसऱ्या नाहीत, कालवे नाहीत. शेजारच्या कोळ्याच्या, आगऱ्याच्या, सीकेपीच्या घरातून ज्याचा वास येतो त्यातले निम्मे बंद. पोथी नसताना हे टिकले ते चुलीपाशी टिकले, सासूने सुनेला मासे निवडून दाखवताना. हाईम सॅम्युएल किहिमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, जो पुढे १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात प्रार्थनांच्या जोडीला जागोजाग स्वयंपाकघर येते ते योगायोगाने नव्हे.

या स्वयंपाकघराला कोकणने एक मोठी मदत केली. तोरेत, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, तीन वेळा एक आज्ञा आली आहे: करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये. तिच्यावरून रब्बींनी मांस आणि दूध पूर्ण वेगळे केले. भांडी वेगळी, जेवणे वेगळी, मांसानंतर दूध प्यायला मधे काही तास. युरोपातल्या ज्यूंना मांसाच्या स्वयंपाकात लोणी वापरता येईना म्हणून ते हंसाची, कोंबडीची चरबी कढवत बसले. कोकणातल्या ज्यूच्या घरी घाणाच होता. तीळ-खोबऱ्याचे तेल दोन्ही पक्षांना चालते. दुधाच्या जागी नारळाचा रस आला. मटणाच्या कालवणात नारळाचे दूध, जेवणानंतर नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा, वर सोलकढी. काहीच अडत नाही. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, होणारा हा हलवा भिजवलेल्या गव्हाच्या चिकापासून करतात, तासन्‌तास ढवळून. पूर्ण शाकाहारी पक्वान्न, तेही मांसाच्या जेवणावर चालावे म्हणून तसे बनलेले. कोकणी ज्यू स्वयंपाकाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवावी: नारळाने त्यांना शास्त्र पाळणे सोपे केले.

शनिवार-सणांच्या किद्दुश नावाच्या आशीर्वादाला द्राक्षारस हवा. तो कुठला आणायचा? काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्याचे सरबत. अडचणीवर शाकाहारी तोडगा काढायची त्यांची सवय इथेही दिसते.

सणांची नावेही त्यांच्या स्वयंपाकातून आली. तिश्री महिन्यात खिरीचा सण: नव्या धान्याची नारळाच्या रसातली गोड खीर. पुरिम होळीच्या आसपास येतो म्हणून तो होळीचा सण, आणि त्याला पुरणपोळी. आणि आव महिन्याच्या नवमीला जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा जो शोकाचा उपास येतो, तो बिरड्याचा रोजा. कडव्या वालांना मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा, बिरडे करायचे. जगभरचे अनेक ज्यू या उपासाआधी नऊ दिवस मांस खात नाहीत आणि शेवटच्या जेवणात मसूर किंवा उकडलेले अंडे घेतात. डाळी-कडधान्य हे तिथे शोकाचे अन्न आहे. मसुराच्या जागी कोकणाने वाल घातले असावेत, असा माझा तर्क.

इथे पंचांग मजा करते. ज्यू कॅलेंडर आपल्यासारखेच चांद्र-सौर आहे, अमावास्येनंतर महिना सुरू होतो, आणि एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून ऋतूंशी मेळ राखला जातो. त्यामुळे आव बहुधा आषाढ-श्रावणाच्या आसपास येतो. २०२४ मध्ये हा उपास १३ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये ३ ऑगस्टला पडला. दोन्ही वेळा आपला श्रावण सुरू होता. म्हणजे अलिबागच्या एखाद्या आळीत हिंदू शेजारी श्रावण पाळतोय म्हणून मटण नाही आणि ज्यू शेजारी मंदिर पडल्याच्या दुःखात आहे म्हणून मटण नाही, आणि दोघांकडे बिरडेच. कारणे हजारो मैल लांबची.

मलिदा तर साफ निरामिष. नवस फेडायला, लग्नाआधी, घरात काही बरे घडले की एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने ताट मांडतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलदोडा, सुका मेवा, वर फळे, गुलाबाच्या पाकळ्या. झाडाच्या फळावर एक आशीर्वाद, जमिनीच्या फळावर दुसरा, सुगंधावर तिसरा. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाची खूण उमटली असे समाज मानतो. जगातल्या कुठल्याच दुसऱ्या ज्यू समाजात मलिदा नाही. पोह्यांवर देवाचे आभार मानायचे हे कोकणातच सुचू शकते.

बेने इस्राएल परंपरेने गोमांसही खात नसत. तोरेत बैल-गाय पूर्ण शुद्ध आहे, खुरे दुभंगलेली आणि रवंथ करणारी. शास्त्राची काहीच आडकाठी नाही. गावात राहायचे, हिंदू शेजाऱ्याचे मन राखायचे, म्हणून त्यांनी ते सोडले. महाराष्ट्राचा गोवंश हत्याबंदीचा कायदा २०१५ मध्ये कडक झाला, तेव्हा या समाजाला त्यासाठी काही वेगळे करावे लागले नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की हा सगळा गोडवाच आहे. तसे नाही. याच समाजात गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असे दोन थर होते. बाहेरच्या जातीतल्या बाईपासून झालेली संतती काळी मानत, आणि गोऱ्यांच्या स्वयंपाकाच्या भांड्यांना काळ्यांनी हात लावायचा नसे. भांडी वेगळी ठेवण्याचा नियम रब्बींनी मांस-दुधासाठी दिला होता. कोकणात राहून तो माणसांनाही लागला. शेजाऱ्याकडून बिरडे शिकले तशी जातही शिकले. शाकाहाराच्या चर्चेत हा भाग आपण नेहमी गाळतो, म्हणून मुद्दाम लिहितो.

मग ज्यू आहारशास्त्र हे नीतिशास्त्र आहे की केवळ वेगळेपणाचे कुंपण? दोन्ही बाजूंनी बोलणारे ज्यू विद्वान आहेत. नीतीच्या बाजूचा पुरावा तोरेतच विखुरलेला सापडतो. मळणीच्या बैलाला मुसके घालू नको. बैल आणि गाढव एका जुवाला जुंपू नको. गाय आणि तिचे वासरू एकाच दिवशी मारू नको. घरट्यातली अंडी घ्यायची तर आधी पक्षिणीला उडवून लाव. शनिवारी बैलालाही सुट्टी. तालमूद हा रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ सांगतो की आधी जनावराला चारा, मग स्वतः जेवण. कापलेल्या पक्ष्याचे रक्त मातीने झाक. रक्त तर तोंडात जाताच कामा नये, म्हणून मांस अर्धा तास भिजवून, तासभर मिठात ठेवून, धुऊन मगच शिजवायचे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला जे अन्न दिले आहे ते फक्त झाडाचे: बी असलेली वनस्पती आणि फळे. मांसाची परवानगी येते नवव्या अध्यायात, महापुरानंतर, नोहाला. दानीएलच्या कथेत बाबेलच्या राजाच्या अन्नाने विटाळ होईल म्हणून चार ज्यू तरुण दहा दिवस डाळी-भाजी आणि पाणी यांवर राहतात आणि बाकीच्यांपेक्षा तुकतुकीत दिसतात. परक्या देशात कोशेर मांस मिळत नसेल तर काय करायचे, याचे हे सर्वांत जुने उत्तर. कसोलच्या ढाब्यावर डाळ-भात मागवणारा इस्रायली मुलगा तेच करतो, दानीएल वाचलेला असो वा नसो.

तालमुदातली एक गोष्ट मला सर्वांत भिडते. कत्तलीला नेले जाणारे वासरू सुटून रब्बी येहूदा हनासीच्या झग्यात डोके खुपसून रडू लागले. हा साधा माणूस नव्हता. मिश्ना संकलित करणारा, पिढीतला सर्वांत मोठा विद्वान. तो म्हणाला, जा, तुला याचसाठी निर्माण केले आहे. शास्त्रदृष्ट्या त्याचे काहीच चुकले नव्हते. तरी त्याच्या मागे दुखणे लागले आणि ते तेरा वर्षे राहिले. पुढे त्याच्या मोलकरणीने केर काढताना जनावराची पिल्ले झाडून टाकायला घेतली तेव्हा त्याने तिला थांबवले, आणि त्या दिवशी दुखणे गेले. कत्तल चूक होती असे गोष्ट म्हणत नाही. बोलणे चूक होते असे म्हणते.

विसाव्या शतकात हा धागा उचलला रब्बी आब्राहाम इत्झाक कूक यांनी, जे पुढे ब्रिटिश अमलातल्या पॅलेस्टाइनचे पहिले अश्केनाझी प्रमुख रब्बी झाले. त्यांचे म्हणणे असे की मांसाची परवानगी ही माणसाच्या दुबळेपणाला दिलेली तात्पुरती सवलत. रक्त झाकायचे, मांस-दूध वेगळे ठेवायचे, हे सारे नियम माणसाला आत कुठेतरी लाज वाटत राहावी म्हणून. एक दिवस ती लाज पुरी होईल आणि माणूस पुन्हा पहिल्या अध्यायात जाईल. त्यांच्या लिखाणातून हे विचार एकत्र केले त्यांचे शिष्य दाविद कोहेन यांनी, जे स्वतः शाकाहारी होते. त्यांचा मुलगा शआर याशूव कोहेन, जन्मापासून शाकाहारी, हैफाचा प्रमुख रब्बी झाला. कूक स्वतः पूर्ण शाकाहारी नव्हते, आणि त्याचे कारण त्यांच्याच इशाऱ्यात आहे. माणसामाणसांतला न्याय अजून कच्चा असताना सगळी दया जनावरांवर खर्च करू नका, म्हणाले. नाहीतर जनावरांवर दया करतो या समाधानात माणसावर क्रूर व्हायला मोकळीक मिळेल.

हा इशारा हवेतला नव्हता. स्वित्झर्लंडने १८९३ मध्ये लोकमत घेऊन बेशुद्ध न करता जनावर कापण्यावर बंदी आणली. नाव प्राणिदयेचे, रोख ज्यूंवर. जर्मनीत नाझींनी सत्तेवर आल्यावर काही आठवड्यांत, एप्रिल १९३३ मध्ये, तसाच कायदा केला. आपल्याकडे २०१५ मध्ये दादरीजवळ फ्रिजमध्ये गोमांस असल्याच्या अफवेवरून जमावाने एका माणसाला घरात घुसून ठार मारले. कूक यांनी हे वाचले असते तर त्यांना आश्चर्य वाटले नसते.

ज्यू शाकाहाराची दुसरी वाट साहित्यातून गेली. अग्नोन आणि आयझॅक बाशेविस सिंगर, दोघांनाही नोबेल मिळाले आणि दोघेही शाकाहारी. सिंगरने खाटकाच्या कामावर नेमल्या गेलेल्या एका देवभोळ्या माणसाची कथा लिहिली, ज्याला ते काम वेड लावते. गालीलात आमिरीम नावाचे शाकाहारी गाव १९५८ साली वसले. पण आपल्याला जवळची गोष्ट जोहान्सबर्गची. १९०४ मध्ये तिथल्या एका शाकाहारी उपाहारगृहात गांधींची आणि हेन्री पोलक या तरुण ज्यू पत्रकाराची गाठ पडली. पोलकनेच पुढे त्यांना रस्किनचे पुस्तक प्रवासात वाचायला दिले. हर्मान कालेनबाख हा ज्यू वास्तुविशारद तर गांधींबरोबर राहिलाच. १९१० मध्ये त्याने आपली अकराशे एकर जमीन टॉलस्टॉय फार्मसाठी दिली, आणि १९१२ मध्ये दोघांनी मिळून दूध सोडले. त्या फार्मवर ख्रिस्ती होते, मुसलमान होते. त्यांनी मांस मागितले तर, अगदी गोमांस मागितले तरी, द्यावे लागेल, अशी गांधींनी मनाची तयारी केली होती. मग त्यांनी सगळ्यांना विचारले. सगळ्यांनी राजीखुशीने एकच शाकाहारी चूल मान्य केली. सक्तीचा आणि सहमतीचा शाकाहार यांतला फरक या प्रसंगात दिसतो तितका कुठल्या ग्रंथात दिसत नाही. मुंबई-पुण्यात 'फक्त शाकाहाऱ्यांना' फ्लॅट देणाऱ्या सोसायट्यांनी तो जरूर वाचावा.

आता उरले कोण? स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेले बेने इस्राएल बहुतेक इस्रायलला गेले. इथे आता काही हजार, मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे आणि अहमदाबादेत. अलिबागचे मागेन आबोथ, रेवदंड्याचे आणि पनवेलचे बेथ एल ही सिनेगॉगे उभी आहेत. कोकणातल्या गावांत घरे मोजकी. प्रार्थना चालवणारे हज्जान कमी, शास्त्रोक्त कापणारे शोहेत त्याहून कमी. मग एरवी मटण आवडीने खाणारी माणसे बाहेर जेवताना, प्रवासात, लग्नाच्या हॉलमध्ये शाकाहारी होतात. तत्त्वज्ञान म्हणून नव्हे. शास्त्राप्रमाणे कापलेले मिळत नाही आणि दुसरे चालत नाही म्हणून. देशभरच्या ज्यू घरांत फिरून त्यांच्या खाण्यावर एस्थर डेव्हिड यांनी लिहिले आहे. त्यांचे वडील रूबेन डेव्हिड यांनी अहमदाबादचे कांकरिया प्राणिसंग्रहालय उभारले. मला विचाराल तर अडचणीतून आलेला हा शाकाहार तत्त्वातून आलेल्या शाकाहारापेक्षा कमी दर्जाचा नाही. त्यात नियम स्वतःच्याच ताटाला लागतो.

कोशेरचा दुसरा, व्यापारी चेहराही भारतात आहे. इथली अन्नद्रव्ये बाहेर जातात, त्यांना प्रमाणपत्र लागते, त्यासाठी तपासनीस रब्बी येतात. २६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेल्या दहशतवादी हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात जे मारले गेले त्यांत तिथले रब्बी गाव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का होते, आणि कोशेर तपासणीच्या कामासाठी भारतात आलेले दोघेही होते.

जिथून सुरुवात केली त्या चंदीगडला सिनेगॉग नाही. सर्वांत जवळचे दिल्लीत, हुमायून रोडवरचे ज्यूडा हायम, १९५६ चे. पण या शहराचा कारभार एका ज्यूने पाहिलेला आहे. १९७१ मध्ये पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून ढाक्यातल्या शरणागतीची बोलणी करणारे लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब आधी गोव्याचे आणि नंतर १९९९ ते २००३ पंजाबचे राज्यपाल होते, आणि पंजाबचा राज्यपाल हाच चंदीगडचा प्रशासक असतो. ते कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले. २०१६ मध्ये ते वारले. त्यांची कबर त्याच हुमायून रोडवर आहे.

पुन्हा कोकणाकडे येऊ. कोकणी ज्यूंचे लिखित वाङ्‌मय बऱ्यापैकी टिकून आहे. १८४६ ची मुंबईची आणि १८७४ ची पुण्याची मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, ग्रंथालयांत जपलेली आहे. पुण्याच्या प्रतीत साडी नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी करतानाचे चित्र आहे. पण त्या बायका माशांत काय निवडत, वालांना मोड किती दिवसांचे आणत, चिक किती वेळा निथळत, हे फार थोडे छापले गेले आहे. रायगड, ठाणे, मुंबई किंवा पुण्यात ज्यांच्या शेजारी अशी घरे होती वा आहेत, ज्यांच्या आईने-आजीने त्या घरांतून एखादा पदार्थ शिकून वहीत उतरवून ठेवला आहे, त्यांनी ती पाने शोधावीत, कोणाकडून काय शिकले ते नाव-गावासकट लिहावे, आणि त्यांची एक प्रत आपल्या गावाच्या वाचनालयात द्यावी.